आधी चार्टर, मग तिकीट

विमान भाड्यानं घेणं म्हणजे धनिकांची चैन, असं तुम्हाला वाटत असेल. ओमानमध्ये मात्र ती तेल कंपन्यांची गरज होती.

1950 मध्ये फ्रेडी बॉसवर्थ या ब्रिटिश वैमानिकानं बहरीनला गल्फ एव्हिएशन काढली. तेल कंपन्या तिची छोटी विमानं भाड्यानं घेत. तिकिटात तुम्ही एक सीट घेता. चार्टरमध्ये अख्खं विमान. इंधन, वैमानिक, उतरण्याचं शुल्क, वर रिकाम्या परतीचा खर्चही तुमच्याच माथी. फाहूदच्या वाळवंटात तेल काढायचं असेल, तर कंपनीला हे परवडतं.

आणि बाकीच्यांचं काय? 1967 मध्ये ओमानचं तेल परदेशी जाऊ लागलं, पण 1970 मध्येही देशात डांबरी रस्ता जेमतेम 10 किलोमीटर होता. वर विमान, खाली उंट.

1977 मध्ये ओमानी कंपनीनं गल्फ एअरचा छोट्या विमानांचा विभाग घेतला. त्याच धाग्यातून 1993 मध्ये ओमान एअर उभी राहिली. तिच्या पहिल्या मार्गांपैकी एक होता मस्कत ते सलाला. एकेका सीटचं तिकीट विकणारी ही कंपनी आली ती अशी, चार्टरच्या मागून.