तारेच्या पत्त्यापासून इंटरनेटच्या क्रमांकापर्यंत : भंडाऱ्याच्या बिलांवरचा इतिहास

गावच्या व्यापाराचा इतिहास लिहायचा तर अभ्यासक खतावण्या शोधतात. मी गेली काही वर्षे बिलांचे नुसते मथळे पाहतो आहे. भंडाऱ्यातली पितळी भांड्यांची दुकाने, तुमसरच्या धानाच्या अडती, बिडीचे कारखाने यांची जुनी बिले रद्दीत निघतात. व्यापारी बाहेरच्या जगाशी कसा जोडलेला होता, हे त्या मथळ्यांच्या कोपऱ्यात क्रमाने छापलेले असते : आधी ‘तार’, मग ‘फोन : दु. / नि.’, मग ‘फॅक्स’, मग ई-मेल आणि शेवटी नुसता मोबाइल.

या जिल्ह्याला निरोपाची गरज नेहमीच मोठी होती. तुमसरचा तांदूळ, चिखला आणि डोंगरी बुजुर्गचे मँगनीज, जंगलातला तेंदूपत्ता, भंडाऱ्याची भांडी हा सारा माल बाहेर जाणारा. भांडी घडवणाऱ्याला तांब्या-जस्ताचा भाव बाहेरूनच कळायचा. खुद्द शहराचे रेल्वे स्टेशन, ‘भंडारा रोड’, गावाबाहेर वरठीला. म्हणजे माल तर दूर जायचाच, पण गाडी गाठण्यासाठीही आधी गाव सोडावे लागे.

तारेत शब्दागणिक पैसे पडत. म्हणून व्यापारी तार कचेरीत फी भरून एका शब्दाचा पत्ता नोंदवून घेत. त्या एका शब्दात पेढीचे नाव, गल्ली, सारे आले. फोन आला तरी लांबचे बोलणे ट्रंक कॉलवरच होते. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग अशा तीन प्रती. ज्याची ऐपत जास्त, त्याचा नंबर आधी. लखनौ-कानपूर ही देशातली पहिली एसटीडी सेवा १९६० मध्ये सुरू झाली. पण लहान गावांसाठी खरा फरक पडला तो १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटमुळे. वातानुकूलनाशिवाय चालणारे, १२८ जोडण्यांचे छोटे एक्स्चेंज तिने तयार केले आणि खेड्यांतून स्वयंचलित फोन शक्य झाला. पाठोपाठ पिवळ्या पाट्यांचे पीसीओ आले. रात्री उशिरा पाव दर लागे, म्हणून दुकान बंद करून भाव विचारायला माणसे बूथबाहेर रांग लावत.

त्याच बूथमध्ये फॅक्स आला. सही-शिक्क्याचा कागद काही मिनिटांत मुंबईला उमटू लागला. ज्याच्या घरी फोन नाही, तोही बूथचा क्रमांक आपल्या बिलावर ‘फॅक्स (पी.पी.)’ म्हणून छापू लागला. माझ्या मते लहान व्यापाऱ्याची ही पहिली भाड्याची कचेरी होती. आज इंटरनेटवरून फोन-फॅक्स पुरवणाऱ्या कंपन्या तेच विकतात : यंत्र दुसऱ्याचे, क्रमांक आपला.

या नव्या सेवेचा इतिहास मात्र सरळ नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. १९९९ च्या दूरसंचार धोरणाने इंटरनेटवरून फोन करण्यास तूर्त परवानगी नाकारली. १ एप्रिल २००२ पासून ती मिळाली, पण अर्धी. संगणकावरून संगणकावर बोलता येई, संगणकावरून परदेशातल्या फोनवरही बोलता येई. देशातल्या साध्या फोनवर मात्र नाही. म्हणजे भंडाऱ्याच्या दुकानदाराला इंटरनेटवरून अमेरिकेतल्या फोनची घंटा कायद्याने वाजवता येत होती, नागपुरातल्या अडत्याची नव्हे.

याला केवळ सरकारी हट्ट म्हणणे अन्यायाचे होईल. लांब पल्ल्याच्या कॉलच्या उत्पन्नातून तोट्यातली ग्रामीण एक्स्चेंजे चालत. फोन कंपन्यांनी परवान्यासाठी मोठ्या रकमा भरलेल्या होत्या. पण ज्या ग्रामीण ग्राहकाच्या नावाने हे संरक्षण होते, त्यालाच स्वस्त बोलणे नाकारले गेले, हेही तितकेच खरे. २००६ मध्ये देशभर एक रुपया मिनिट हा दर आला, २०१६ मध्ये जिओने कॉल जवळपास फुकट केले. त्यानंतर, जून २०१८ मध्ये, इंटरनेटवरून देशातल्या कुठल्याही फोनवर बोलण्याची वाट अखेर मोकळी झाली. पुढच्याच महिन्यात बीएसएनएलने ‘विंग्ज’ ही सेवा जाहीर केली. लहान व्यापाऱ्याची निकड तोवर सरली होती.

फॅक्सची गंमत वेगळी. इंटरनेटवर आवाज पाठवताना तो दाबून लहान करतात. माणसाचे बोलणे त्यातून कळते; फॅक्सचे सूर मात्र बिघडतात आणि पान अर्धवट उतरते. म्हणून १९९८ मध्ये टी.३८ हे वेगळे मानक ठरवावे लागले. त्यात सूर न पाठवता पानाची माहितीच थेट पाठवली जाते. आता फॅक्स ई-मेलमध्ये येऊन पडतो. यंत्र लागत नाही, कागदही नाही.

प्रश्न इथेच सुरू होतो. ०७१८४ म्हटले की भंडारा, ०७१२ म्हटले की नागपूर, हे बिल पाहताच कळे. ‘विंग्ज’चा क्रमांक मोबाइलसारखा दहा आकडी, त्यावरून गाव कळत नाही. धंद्याला ते सोयीचे आहे, इतिहासाला नाही. त्याहून मोठी हानी कागदाची. शाईने लिहिलेली जुनी खतावणी अजून वाचता येते. पण फॅक्सचा उष्णतेने उमटणारा कागद वीस-पंचवीस वर्षांत पांढरा पडतो. माझ्याकडे फायलीत जपलेले असे कितीतरी कागद आहेत, ज्यांवर आता टाचणीच्या भोकाखेरीज काही उरलेले नाही. त्यानंतरचा व्यवहार तर व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. फोन बदलला की तोही जातो. स्टील, अ‍ॅल्युमिनियम आणि प्लॅस्टिकपुढे पितळेचा धंदा कसा मागे हटला, ती कहाणी नेमकी याच वर्षांतली आहे.

दिवाळीच्या साफसफाईत पोटमाळ्यावरची बिलबुके खाली येतात आणि किलोच्या भावाने जातात. यंदा ती देण्याआधी एकदा चाळावीत. फिकट झालेले फॅक्स असतील तर आजच त्यांची झेरॉक्स काढावी. पुढच्या दिवाळीत कदाचित ते वाचता येणार नाहीत.