आजीचं शेंडेनक्षत्र आणि आपला पूर्वेचा उजेड

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पहाटेच्या आकाशात एक धूमकेतू दिसत होता, आठवतो का? नाव जरा जिभेला जड, त्सुचिनशान-ॲटलास. २०२३ च्या सुरुवातीला आधी चीनमधल्या आणि मग दक्षिण आफ्रिकेतल्या दुर्बिणीला सापडला म्हणून असं जोडनाव. २७ सप्टेंबरला तो सूर्याला वळसा घालून निघाला आणि पुढचे सात-आठ दिवस सूर्योदयाच्या तासभर आधी पूर्वेला उगवत होता. सोशल मीडियावर समुद्राच्या पाण्यावर उगवणाऱ्या धूमकेतूचे फोटो फिरत होते. खाली निळं पाणी, वर केशरी पट्टा, त्यात तिरपी शेपूट. आपल्या ग्रुपवर एकाने लगेच विचारलं, "अलिबागला जायचं का पहाटे?"

त्याला सांगावं लागलं की बाबा, आपला समुद्र पश्चिमेला. कोकणच्या किनाऱ्यावर उभं राहिलास तर पहाटेचा धूमकेतू तुझ्या पाठीमागे, सह्याद्रीच्या डोक्यावर उगवणार. पाण्यावर उगवताना बघायचा तर ओडिशा नाहीतर तमिळनाडू गाठ. आपल्या मराठी मुलखाला पहाटेचा धूमकेतू कायम जमिनीवरच दिसत आलाय. डोंगरावर, माळावर, शेताच्या बांधावर. आणि आता आपल्या मारुंजीत तो उगवतो वाकड-पिंपरीच्या टॉवरांवर.

हे सगळं डोक्यात घोळायला लागलं ते आजीमुळे. धूमकेतूची बातमी वाचून दाखवली तर म्हणाली, "म्हंजे शेंडेनक्षत्र. मी बघितलंय की." कधी? "लढाई झाली त्या साली." आजी १९६३ ला लग्न होऊन मारुंजीत आली. तेव्हा गावात वीज नव्हती. पहाटे उठून जात्यावर बसायच्या आधी अंगणात आली, तर पूर्वेला पांढरा झोत उभा. "उंबऱ्यापासून पार कौलापर्यंत," ती हात वर करून दाखवते.

आता 'लढाई झाली ते साल' म्हणजे १९६५ की १९७१? आणि मधे १९७० लाही एक झकास धूमकेतू पहाटे दिसला होता, बेनेट नावाचा. म्हणजे आजीच्या आठवणीला तीन दावेदार. मी तिला खोदून खोदून विचारलं. थंडी होती का? पीक कुठलं उभं होतं? घरात कोण कोण होतं? शेवटी ती म्हणाली, "माझा भाऊ मुक्कामाला होता, भाऊबीजेला आलेला. त्याला उठवून दाखवलं." बस. गाठ सुटली.

१९६५ ला दिवाळीची अमावस्या २४ ऑक्टोबरला होती. इकेया-सेकी हा धूमकेतू २१ ऑक्टोबरला सूर्याच्या पृष्ठभागापासून अवघ्या साडेचार लाख किलोमीटरवरून गेला. आपला चंद्र आपल्यापासून जेवढा लांब, त्याहून थोडंसंच जास्त. इतक्या जवळून जाऊन तो वाचला आणि महिनाअखेरीला पहाटे लांबलचक शेपूट घेऊन पूर्वेला उभा राहिला. अमावास्येनंतरचे दिवस, चंद्राचा अडथळा नाही. भारत-पाकिस्तान युद्धबंदी होऊन जेमतेम महिना झालेला. बेनेट दिसला मार्च-एप्रिलमध्ये, तेव्हा भाऊबीज कुठली? म्हणजे आजीने बघितला तो इकेया-सेकी. १८ सप्टेंबरला दोन हौशी जपानी निरीक्षकांनी शोधलेला, आणि सहा आठवड्यांत आमच्या अंगणात.

हे एवढं सविस्तर सांगतोय कारण धूमकेतू आणि माणसाची आठवण यांचं नातं फार गमतीचं असतं. सभासदाची बखर घ्या. शिवाजी महाराजांच्या निधनाच्या दिवशी जी अशुभ चिन्हं झाली म्हणून सभासद सांगतो, त्यात धूमकेतूही आहे. महाराज गेले ३ एप्रिल १६८० ला. त्या साली जगभर नोंद झालेला प्रचंड धूमकेतू होता खरा, पण तो नोव्हेंबरमधला. जर्मनीत किर्च नावाच्या माणसाने १४ नोव्हेंबरला तो दुर्बिणीतून शोधला. दुर्बिणीने सापडलेला हा पहिला धूमकेतू. आधी पहाटे आणि मग डिसेंबरात संध्याकाळी तो सगळ्यांनी नुसत्या डोळ्यांनी बघितला. सभासदाने बखर लिहिली १६९० च्या दशकात, जिंजीला, पंधरा-एक वर्षांनी. माझा अंदाज असा, की राज्यावर कोसळलेलं दुःख आणि आकाशातली ती भयंकर शेपूट, दोन्ही एकाच सालातली, मनात एकमेकांना चिकटली. सभासद खोटं बोलला असं मी अजिबात म्हणत नाही. आमची आजीसुद्धा धूमकेतू लढाईलाच चिकटवते. भाऊबीज आठवली नसती तर मीही चुकीचं साल लिहून मोकळा झालो असतो.

फोटो इथे उपयोगी पडतो. फोटोला तारीख असते. आणि डोळ्याला न दिसलेलं काहीतरी त्यात येतं.

१८८२ च्या सप्टेंबरमधला महाधूमकेतू इतका तेजस्वी होता की सूर्याशेजारी भर दिवसा दिसला. तोही इकेया-सेकीच्याच कुळातला, सूर्याला घासून जाणारा. दक्षिण आफ्रिकेत केपच्या वेधशाळेत डेव्हिड गिल नावाचा खगोलशास्त्रज्ञ होता. त्याच्याकडे फोटोची सामग्री नव्हती, म्हणून त्याने जवळच्या गावातल्या एका फोटोग्राफरला बोलावलं. त्याचा कॅमेरा वेधशाळेच्या दुर्बिणीवर बांधला, म्हणजे आकाश सरकेल तसा कॅमेराही सरकणार. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पहाटे अर्ध्या तासापासून दोन तासांहून जास्त वेळ काच उघडी ठेवून फोटो घेतले. धूमकेतू छान आला, पण गिल बघत बसला मागच्या ताऱ्यांकडे. शेकडो तारे आपोआप टिपले गेले होते! त्यातून त्याला सुचलं की अख्ख्या दक्षिण आकाशाची यादी फोटोवरून करता येईल. ती झाली, साडेचार लाखांवर ताऱ्यांची. फोटो काढायला गेला शेपटीचा आणि हाती लागलं पार्श्वभूमीचं घबाड.

त्याच १८८० च्या दशकात आपल्या पुण्यातही एक माणूस सरकारी दारं झिजवत होता, कावसजी दादाभाई नायगमवाला. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींनी पाच हजार रुपये दिले, तेवढेच मुंबई सरकारने घातले आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, वेधशाळा उभी राहिली. २० इंची आरशाची दुर्बीण, त्या वेळी भारतातली सगळ्यात मोठी! शिवाजीनगरला! आपल्या माण-हिंजवडीहून निघणारी मेट्रो ज्या शिवाजीनगरला जाणार, तिथल्या कॉलेजात. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला नायगमवालांनी करमाळ्याजवळच्या जेऊरला तळ ठोकून सूर्याच्या वर्णपटाचे फोटो घेतले. १९१२ ला ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. दुर्बीण बांधून कोडाईकनालला रवाना. माणूस गेला की संस्था संपली, हे आपल्याकडे नवीन नाही. नंतर १९४४ ला हौशी लोकांनी ज्योतिर्विद्या परिसंस्था काढली आणि ती आजतागायत चालू आहे, टिळक स्मारकाच्या गच्चीवरून कित्येकांनी पहिल्यांदा शनीची कडी बघितली असतील. पण त्या दोन तारखांमध्ये बत्तीस वर्षांची पोकळी आहे, हे मला सलतं.

आता आपल्या पट्ट्याकडे येतो. पहाटेचे मोठे धूमकेतू आणि पिंपरी-चिंचवडची वाढ शेजारी शेजारी मांडून बघितली तर गंमत दिसते. १९६५ ला इकेया-सेकी आला तेव्हा पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स येऊन दहा-अकरा वर्षं झालेली, एमआयडीसी तीन वर्षांची. आजीच्या अंगणातून पूर्वेला काळोखच. १९७० च्या मार्चमध्ये बेनेट आला आणि त्याच महिन्यात, ४ तारखेला, पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली. १९७६ च्या मार्चमध्ये वेस्ट नावाचा धूमकेतू आला, पंख्यासारख्या शेपटीचा. १९८२ ला महानगरपालिका. १९८६ चा हॅले तसाही फिका होता, पण माझे वडील सांगतात की पहाटे शोधताना भोसरीकडचा उजेड आडवा यायचा. १९९७ चा हेल-बॉप मी लहानपणी बघितला. आधी पहाटे, मग संध्याकाळी, महिनोन्‌महिने, टेकडीवर न जाता दारातून. तेव्हा हिंजवडीचं आयटी पार्क आकाराला येत होतं. त्यानंतर थेट २०२४.

२ ऑक्टोबर २०२४, बुधवार, सर्वपित्री अमावास्या. सुट्टी, आणि आकाशात चंद्र नाही. आठवडाभर परतीच्या पावसाने झोडपलेलं, त्या दिवशी उघडीप. साडेचारला टेकडीवर चढलो. पाचच्या सुमारास धूमकेतू उगवायचा होता, सूर्य सहा पंचवीसला. हातात ८५ ची लेन्स, तिपाई, दोन-दोन सेकंदांचे फोटो. समोर बघतो तर पूर्वेला आधीच पिवळट-पांढरा फुगा. उजाडलंय म्हणावं तर घड्याळ नाही म्हणतंय! तो पहाटेचा उजेड नव्हताच, आपला होता. कंपन्या, हायवे, होर्डिंग, हायमास्ट. साडेपाचच्या सुमारास दुर्बिणीतून एक पुसट रेघ दिसली. नुसत्या डोळ्यांना दिसली असं मनाला पटवावं लागलं. फोटोत आली, बोटाच्या नखाएवढी. आणि गिलसारखं माझ्याही फोटोत मागचं सगळं आलं, फक्त तारे नव्हते. बांधकामाच्या क्रेनवरचे लाल दिवे मोजले, अकरा.

ते दिवे नकोत असं म्हणणारा मी नाही. या पट्ट्याने आमची चूल पेटवली, मी स्वतः रात्रपाळी केलेला माणूस आहे. काळोख्या रस्त्यावरून कामावरून परतणाऱ्या बाईला उजेड हवाच. पण दिवा रस्त्यावर पडायला हवा की ढगावर? दिव्याला वरून झाकण लावून त्याचं तोंड खाली केलं तर तेवढ्याच विजेत रस्ता जास्त उजळतो. पांढऱ्या-निळ्या एलईडीऐवजी पिवळसर घेतला तर हवेत कमी पसरतो. हे महाराष्ट्रातच झालेलं आहे. पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ ला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं, आणि त्यासाठी सिल्लारी, वाघोली अशा आजूबाजूच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलले. गावं अंधारात गेली नाहीत. आपलं गाव महापालिकेत जाणार की नाही यावर रोज वाद चालतात, रस्ते-पाणी-कचरा सगळं बोललं जातं. दिवे कसले बसवायचे हे मात्र कोणी विचारतच नाही, ठेकेदार जे आणेल ते.

एक छोटी गोष्ट. आमच्या घरामागच्या एका सोसायटीच्या गच्चीवर मोठा फोकस आहे, सरळ आकाशात. त्यांच्या सेक्रेटरींना २ तारखेला दुपारी भेटलो. म्हटलं, उद्या घटस्थापना, पहाटे पाच ते सहा एवढा एक तास बंद ठेवाल का? आजीला धूमकेतू दाखवायचाय. त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र बघितलं, पण ठेवला.

३ तारखेला पहाटे आजीला हाताला धरून आमच्या गच्चीवर नेलं. वय सत्त्याहत्तर, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. मागचा फोकस बंद होता पण पूर्वेचा फुगा होताच. मी बोट करून दाखवत राहिलो, वाकडच्या त्या उंच इमारतीच्या वर, थोडं उजवीकडे. तिला काही दिसेना. शेवटी फोटो काढून कॅमेऱ्याचा पडदा तिच्यापुढे धरला. तिने डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं.

"एवढंसं?" म्हणाली. मग पडद्यावरून नजर काढून पूर्वेकडे बघत विचारलं, "आणि हा उजेड कशाचा रे? उजाडलं?"

दसऱ्याला धूमकेतू पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आला, तरी सुमारे सात कोटी किलोमीटर, आणि मग संध्याकाळी पश्चिमेला दिसू लागला. १४ तारखेला मी गुहागरला गेलो. अखेर आपल्याही समुद्रावर तो आला, फक्त उगवताना नाही, मावळताना. शुक्र डावीकडे, स्वाती उजवीकडे, मधे ही शेपूट. गावातले दिवे पाठीमागे होते. पाठीमागेच राहू दिले. तो फोटो मोठा करून आजीच्या खोलीत लावलाय, खाली तारीख घालून. तिने त्याच्याशेजारी मला अजून एक तारीख लिहून ठेवायला लावली आहे: भाऊबीज, १९६५.