क्लासिक स्पोर्ट्स कार : चालवायची की जपून ठेवायची?

फेरारी २५० जीटीओ या मॉडेलच्या गाड्या १९६२ ते १९६४ या काळात फक्त ३६ बनल्या. त्यातली एक २०१८ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात तब्बल ४ कोटी ८४ लाख डॉलरला विकली गेली. आता सांगा, अशी गाडी तुमच्याकडे असती तर तुम्ही ती बाहेर काढली असती का? पिंक फ्लॉइड या बँडचा ड्रमर निक मेसन काढतो. १९७० च्या दशकात घेतलेली त्याची जीटीओ त्याने चक्क शर्यतींत पळवली आहे. दुसरीकडे काही गाड्या एसी गोदामात कव्हरखाली उभ्या असतात आणि मीटरचा आकडा हलत नाही म्हणूनच त्यांना जास्त भाव येतो.

दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या मतावर ठाम असतात. मला विचाराल तर त्याआधी एक गोष्ट बघायला हवी : या गाडीतलं काय पुन्हा बनवता येईल आणि काय येणार नाही?

उभी गाडी खराब कशी होते?

जुना फोन दोन वर्षं ड्रॉवरमध्ये पडून राहिला तर बॅटरी पार उतरते, कधी फुगतेसुद्धा. वापरला नाही तरी खराब झालाच ना? गाडीचंही तसंच, फक्त खराब होणाऱ्या वस्तू जास्त. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि ब्रेकच्या सिलिंडरला आतून गंज लागतो. टाकीतल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि उरलेला चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये जाऊन बसतो. क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. टायर एकाच जागी दबून चपटे होतात, आणि वरून नवे दिसले तरी रबर आतून म्हातारं होत असतं. (टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. तुमच्या बाइकवरही बघा.)

इथेनॉल ही नवी भानगड. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून पंपावरचं साधं पेट्रोल ई१०, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं झालं. इथेनॉल पाणी ओढतं आणि ६० च्या दशकातल्या रबरी पाइपांना ते सोसत नाही. पाइप भेगाळला, पेट्रोल गरम इंजिनवर ठिबकलं, की आग.

मग दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं का? अजिबात नको! एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तितकंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. इंजिन थंड असताना ही वाफ सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये थिजते, आणि गंजाची सोय आपणच करून ठेवतो. काढायची तर गाडी अर्धा-पाऊण तास नीट चालवावी. टेंपरेचरचा काटा जागेवर आला तरी ऑइल तापायला आणखी वेळ लागतो. ते जमणार नसेल तर पेट्रोल काढून टाका, ताजं ऑइल भरा, बॅटरी सोडवा, गाडी जॅकस्टँडवर चढवा आणि खोली कोरडी ठेवा. अधलंमधलं काही करू नका.

चालवली तर झिजणार, पण काय?

पिस्टन रिंग, बेअरिंग, ब्रेक लायनर हे झिजण्यासाठीच असतात. हे भाग त्या काळातही बदललेच जायचे. आता तर पार्ट मिळत नाही ही अडचणही कमी होत चालली आहे. पोर्शे ९५९ फक्त २९२ बनल्या, पण तिचा क्लच रिलीज लिव्हर कंपनीने धातूच्या भुकटीपासून लेझरने थ्रीडी प्रिंट करून दाखवला.

प्रिंट होत नाही तो मूळ रंग, सीटचं मूळ चामडं, आणि पत्र्याच्या आतल्या बाजूला राहिलेल्या कारागिराच्या हातोडीच्या खुणा. इथे मला शेल्बी कोब्रा डेटोना कूपचं उदाहरण द्यावंसं वाटतं. १९६४-६५ मध्ये अशा सहाच गाड्या बनल्या आणि १९६५ ची जीटी गाड्यांची आंतरराष्ट्रीय चॅम्पियनशिप शेल्बीच्या टीमने जिंकली. पाच गाड्यांच्या बॉडी इटलीत मोडेनाला बनल्या. पहिलीची, म्हणजे सीएसएक्स २२८७ ची, कॅलिफोर्नियात शेल्बीच्या वर्कशॉपमध्ये. ही पहिली गाडी पुढे कित्येक वर्षं गोदामात पडून होती. आज ती फिलाडेल्फियाच्या सिमियोन संग्रहालयात आहे, रिस्टोअर न करता. २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदणीत पहिला मान तिलाच मिळाला.

तिला नवा चकचकीत रंग दिला असता तर गाडी देखणी झाली असती, पण शर्यतीतला पुरावा गेला असता. म्हणजे मूळ खुणा नुसत्या चालवण्याने जात नाहीत. त्या अपघाताने जातात, किंवा अति उत्साही रिस्टोरेशनने. संग्रहालय उभारणारे डॉ. फ्रेड सिमियोन पेशाने मेंदूचे सर्जन. मूळ गाडीला शक्यतो हात लावू नये या मताचे. तरी त्यांच्या संग्रहालयात ‘डेमो डे’ असतात आणि मागच्या तीन एकर आवारात गाड्या प्रत्यक्ष चालवून दाखवतात. ऑइल फिरतं, आवाज ऐकू येतो, समोरून ट्रक येत नाही. मला हा मार्ग सगळ्यात पटतो.

पण हा नियम प्रत्येक गाडीला लावायची गरज नाही. जॅग्वार ई-टाइप १९६१ ते १९७४ मध्ये ७० हजारांहून जास्त बनल्या. त्यातली एखादी आधीच रंगवलेली, इंजिन उघडून बसवलेली गाडी कव्हरखाली ठेवून इतिहासाचं काय राखलं जाणार? बिनधास्त चालवा. इंग्लंडमध्ये गुडवुड रिव्हायव्हलला १९९८ पासून जुन्या गाड्या खऱ्याखुऱ्या शर्यती खेळतात. पत्रा चेपतो, नवा बसतो. मात्र असे दोन-चार पत्रे बदलले की मूळ गाडी किती उरली, हा प्रश्न तिथेही येतोच.

आपल्याकडे नियम काय?

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि फारसा बदल न केलेली गाडी त्यात बसते. नोंदणी फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं. रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी ती रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं यासाठी चालते. पंपावर आता बहुतेक ई२० मिळतं, त्यामुळे आजोबांची गाडी बाहेर काढणार असाल तर आधी पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि सील बदलून घ्या.