सातबाऱ्यावर नसलेले प्रकल्पग्रस्त : रत्नागिरी जिल्ह्यातील पर्यावरणीय लोकलढे आणि हवामान न्यायाचा प्रश्न (१९९३ ते २०२३)

रत्नागिरी जिल्ह्याच्या आधुनिक इतिहासाचे लेखन आजवर प्रामुख्याने व्यक्तींभोवती झाले आहे. लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान, थिबा राजाची नजरकैद, सावरकरांची १९२४ ते १९३७ या काळातील स्थानबद्धता हे विषय पुन्हा पुन्हा हाताळले गेले. १९९० नंतर याच जिल्ह्यात एकामागून एक उभ्या राहिलेल्या प्रकल्पविरोधी लढ्यांकडे मात्र इतिहासाचा विषय म्हणून फारसे पाहिले गेले नाही. वृत्तपत्रांनी त्या त्या वेळी बातम्या दिल्या, राजकीय पक्षांनी आपापल्या सोयीने भूमिका घेतल्या व बदलल्या, आणि विषय मागे पडला. या लढ्यांत सर्वसामान्य माणूस कोणत्या वाटेने सहभागी झाला व कोणाचे नुकसान मोजलेच गेले नाही, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१९९२ च्या रिओ परिषदेत देशादेशांमधील 'समान परंतु भिन्न' जबाबदारीचे तत्त्व मान्य झाले. ज्यांनी वातावरणात कर्बवायू कमी सोडला त्यांनीच बदलत्या हवामानाचे अधिक चटके का सोसावेत, हा त्यामागील प्रश्न होय. पुढे २००२ मध्ये दिल्लीत हवामानविषयक आठवी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्या वेळी मच्छीमार, शेतकरी व आदिवासी संघटनांनी वेगळी सभा घेऊन हाच प्रश्न देशांतर्गत विषमतेला लावला. 'हवामान न्याय' ही संज्ञा आपल्याकडे रुळू लागली ती त्या सुमारास. मात्र संज्ञा नंतर आली, अनुभव आधीचा होता.

रत्नागिरी शहरालगतच्या झाडगाव औद्योगिक क्षेत्रात स्टरलाइट कंपनीचा तांबे शुद्धीकरण प्रकल्प येणार होता. धुरातील गंधकयुक्त वायूमुळे आंब्याचा मोहोर करपेल आणि सांडपाण्यामुळे मासळी जाईल, या भीतीने बागायतदार, मच्छीमार व शहरातील नागरिक १९९३ मध्ये एकत्र आले. त्याच वर्षी जुलै महिन्यात जिल्हाधिकाऱ्यांनी काम थांबवण्याचा आदेश दिला. प्रकल्प गेला. जिल्ह्यात ही घटना आजही विजय म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. तथापि अभ्यासकाने एवढ्यावर थांबता कामा नये. तो प्रकल्प तमिळनाडूतील तुतिकोरिन येथे उभा राहिला. २२ मे २०१८ रोजी तेथे प्रकल्पविरोधी मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि १३ जणांचा बळी गेला. आपल्या दारातून गेलेले ओझे कोणाच्या दारात उतरले, हे रत्नागिरीच्या इतिहासलेखनात सहसा येत नाही. प्रस्तुत लेखकालाही हा संबंध २०१८ च्या बातम्या वाचतानाच प्रथम ध्यानी आला, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

गुहागर तालुक्यातील एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाविषयी विपुल लेखन झाले आहे. १९९२ चा सामंजस्य करार, ऑगस्ट १९९५ मध्ये राज्य शासनाने केलेली रद्दबातल घोषणा, नंतरची फेरबोलणी, १९९९ मध्ये ७४० मेगावॅटच्या पहिल्या टप्प्याचा प्रारंभ आणि २००१ मधील दिवाळखोरी हा क्रम सर्वपरिचित आहे. त्या लेखनाचा भर विजेच्या दरावर व करारातील व्यवहारावर राहिला. वेलदूरच्या मच्छीमार स्त्रिया त्यात क्वचितच भेटतात. जून १९९७ मध्ये पोलिसांनी पहाटे त्यांच्या वस्तीत शिरून मारहाण व अटका केल्या. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी आणि ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ मध्ये या दडपशाहीची दखल घेतली. जिल्ह्यातील एका वाडीची हकिकत परदेशी संस्थांच्या अहवालात तपशिलाने सापडावी आणि आपल्या ग्रंथालयांत सापडू नये, ही खेदाची बाब आहे.

राजापूर तालुक्यातील जैतापूर प्रकल्पाचा विचार अधिक विस्ताराने करणे आवश्यक आहे. कारण हवामानाचा मुद्दा या जिल्ह्यात प्रथम ठळकपणे मांडला गेला तो येथे, आणि तोही प्रकल्पाच्या समर्थनार्थ. प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॅट, अशी ही योजना होती. माडबन, मिठगवाणे, करेल, वरिलवाडा व निवेली या गावांतील सुमारे ९३८ हेक्टर जमीन त्यासाठी संपादित करण्यात आली. २८ नोव्हेंबर २०१० रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ३५ अटींसह मंजुरी दिली आणि पुढच्याच आठवड्यात फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या भारतभेटीत करार झाला. अणुऊर्जेत कर्ब उत्सर्जन अत्यल्प असल्याने ती हवामानबदलावरील उपाय आहे, असे शासकीय बाजू सांगत होती. त्याच काळात त्याच जिल्ह्यात जयगड येथे १२०० मेगावॅटचा कोळशावरील प्रकल्प कार्यान्वित होत होता. एकाच किनाऱ्यावर दोन परस्परविरोधी युक्तिवाद सुखेनैव नांदत होते!

जमीनधारकांपैकी बहुसंख्यांनी आरंभी मोबदल्याचे धनादेश नाकारले. माडबनच्या जनहित सेवा समितीने सभा, मोर्चे व निवेदने या मार्गाने लढा चालवला. शासकीय नोंदीत जमीन बव्हंशी पड होती. सडा म्हणजे कातळ, आणि कातळ म्हणजे निरुपयोगी, असा महसुली समज त्यामागे होता. प्रत्यक्षात पावसाळ्यात सड्यावर गुरे चरतात, गवत कापले जाते, खोलगट भागांत भात होते, आणि सुरुंग लावून कातळ फोडून तयार केलेल्या खड्ड्यांत आंब्याची कलमे उभी आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या अभ्यासानेही पड ठरवलेल्या जमिनीच्या या वापराकडे लक्ष वेधले. मे २०१० मध्ये माडबन येथे पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली. मात्र पर्यावरण आघात अहवालाची मराठी प्रत सर्व ग्रामपंचायतींना वेळेत मिळाली नाही, अशी ग्रामस्थांची तक्रार होती. १९९७ पासून कायद्याने बंधनकारक असलेल्या जनसुनावणीचा आशय प्रतीच्या भाषेवर अवलंबून असतो, ही बाब आपण अध्यापकांनी विशेष ध्यानात घ्यावी.

या लढ्यातील दुसरे गाव साखरी नाटे. ते प्रामुख्याने मुस्लिम मच्छीमारांचे. नाट्याची जमीन प्रकल्पात जात नव्हती, म्हणून प्रकल्पग्रस्तांच्या यादीत हे गाव नव्हते. त्यांची भीती निराळी होती. अणुभट्ट्या थंड करून समुद्रात परतणारे पाणी भोवतालच्या पाण्यापेक्षा गरम असेल, त्याने मासळी दूर जाईल, आणि सुरक्षेच्या कारणास्तव नौकांना खाडीतून ये-जा करण्यावर निर्बंध येतील. समुद्राचा सातबारा कोणाच्याच नावावर नसतो. जो सातबाऱ्यावर नाही त्याची हानी मोजण्याचे कोष्टक भूसंपादनाच्या कायद्यात नव्हते. ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये फुकुशिमाची दुर्घटना घडली. त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, १८ एप्रिल रोजी, नाटे येथे आंदोलकांवर झालेल्या पोलीस गोळीबारात गावातील एका तरुणाचा मृत्यू झाला. ज्या गावाची एक गुंठाही जमीन प्रकल्पात जात नव्हती, त्या गावाने या लढ्यात प्राण गमावला.

२०१३ मध्ये मोबदल्याची रक्कम भरीव वाढवण्यात आली आणि बहुसंख्य खातेदारांनी धनादेश स्वीकारले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. सक्तीने संपादित झालेल्या जमिनीच्या बदल्यात हाती काहीतरी पडावे, असे वाटणे स्वाभाविक होते. नाट्याच्या मच्छीमारांचा विरोध त्यानंतरही टिकून राहिला. त्याचे एक कारण त्यांचा निर्धार हे आहे. दुसरे अधिक साधे आहे : त्यांच्यापुढे स्वीकारण्याजोगा धनादेशच नव्हता. अणुभट्टी मात्र २०२३ अखेरपर्यंत उभी राहिली नव्हती.

मे २०१७ मध्ये राजापूर व देवगड तालुक्यांतील नाणार परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी अधिसूचना निघाली. वर्षाला सहा कोटी टन क्षमतेचा हा प्रकल्प तीव्र विरोधानंतर तेथून हटला. अधिसूचना मार्च २०१९ मध्ये रद्द झाली. जानेवारी २०२२ मध्ये राज्य शासनाने त्याच तालुक्यातील बारसूची जागा सुचवली. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या वेळी बारसूच्या सड्यावर स्त्रिया रणरणत्या उन्हात रस्त्यावर आडव्या पडल्या. त्यांच्यापैकी कितीजणींचे नाव सातबाऱ्यावर असेल? कोकणात ते सहसा पुरुषाचे असते. पाणी भरणे, गवत कापणे, वाड्यात गुरांचे करणे हे मात्र बाईच्या वाट्याला येते. तत्पूर्वी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, प्रकल्पाविरुद्ध लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिशे यांचा राजापूरजवळ वाहनाच्या धडकेने मृत्यू झाला व या प्रकरणी खुनाचा गुन्हा नोंदवण्यात आला. बारसूची कातळशिल्पे २०२२ मध्येच युनेस्कोच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली होती. सड्याला निरुपयोगी म्हणणाऱ्या महसुली नोंदीला हे उत्तर काही सहस्र वर्षांपूर्वीच कोरून ठेवलेले होते.

या सर्व लढ्यांत माणसे आली ती हवामानाविषयी व्याख्याने ऐकून आली नाहीत. ग्रामसभा, मच्छीमार सोसायट्या, देवस्थानची मानकरी मंडळी आणि मुंबईतील गावमंडळे या जुन्या वाटांनी ती आली. गिरणगावात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून गावात शाळा बांधल्या. त्यांच्याच पुढच्या पिढीने मुंबईत बैठका घेतल्या आणि शिमग्याला व गणपतीला गावी येऊन ठराव केले. अर्थात या वाटांना उंबरठे आहेत. गावमंडळांच्या कार्यकारिणीत स्त्रिया अभावानेच दिसतात, आणि जातीनिहाय मंडळेही आहेतच. प्रकल्प हवा म्हणणारा, रोजगारासाठी मुंबई गाठावी लागलेला तरुण हाही याच गावांचा आहे. त्याची बाजू इतिहासातून वगळल्यास तो इतिहास एकांगी होईल.

यापुढील काम साधनांचे आहे. ग्रामसभांचे ठराव, हस्तपत्रके, जमावबंदीचे आदेश, नाकारलेल्या धनादेशांची पत्रे हे सारे आज घराघरांत पिशव्यांमध्ये पडून आहे. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली व मंडणगडमधील घरांची छपरे उडवली. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण बुडाले आणि १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातील हजारो ग्रंथ भिजले. २००५ च्या पुरातही या ग्रंथालयाची अशीच हानी झाली होती. इतिहास विभागांनी पदवीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यातून ही कागदपत्रे छायाचित्रित करून घ्यावीत, आणि नाटे, वेलदूर व बारसू येथील स्त्री-पुरुषांच्या मुलाखती त्यांच्या बोलीतच ध्वनिमुद्रित कराव्यात. १९९३ चे आंदोलन करणाऱ्यांपैकी अनेकजण आता सत्तरीच्या पुढे आहेत.