लेक व्ह्यू रोडवरून तळं दिसत नाही

आमच्या घरापासून रंगनाथन स्ट्रीटची गर्दी कापत मांबलम स्टेशन गाठलं आणि पूल ओलांडून रुळांच्या पलीकडे उतरलं, की थोड्या अंतरावर लेक व्ह्यू रोड लागतो. रस्ता साधाच आहे: औषधांची दुकानं, एक-दोन मेस, स्कूटरी, फुलांच्या टोपल्या. नावात तळं आहे आणि त्याचा देखावाही आहे. प्रत्यक्षात दोन्ही नाहीत. या रस्त्यालगत मी सहा वर्षं भाड्याने राहिलो आणि रोज हे नाव पत्त्यात लिहीत गेलो. ते तळं कुठे गेलं, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

हे जरा लाजिरवाणंच आहे, कारण पाणी हा माझ्या आवडीचा विषय. मी दाभोळच्या खाडीकाठी वाढलो. वल्हं हातात धरायला मामाने शिकवलं आणि ओहोटीला होडी गाळात रुतली की कुणावर न चिडता भरतीची वाट कशी पाहायची, हेही त्यानेच शिकवलं. नोकरीने चेन्नईला आणलं तेव्हा इथल्या मराठी माणसांचा शोध घेण्याआधी मी पाण्याचा शोध घेतला. शहराच्या दक्षिणेला मुट्टुकाडूचं खाजण आहे. तिथे कयाक मिळते. एकट्याने बसायची, दुहेरी पात्याच्या वल्ह्याने चालवायची ही चिंचोळी होडी. रविवारी पहाटे तिथे पोहोचायचं, दोन तास एकट्याने वल्हवायचं आणि उन्हं चढायच्या आत परतायचं, असा माझा क्रम झाला. काठाला सुरूची बनं आहेत. सुरू हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. तिथे तो सायप्रसच्या झाडाचं नाव आहे. कोकणात तो समुद्रकाठच्या या सुईसारख्या पानांच्या झाडाला चिकटला. तमिळमध्ये याला सवुक्कु म्हणतात. वारा सुटला की त्यातून येणारा आवाज मात्र दाभोळला आणि मुट्टुकाडूला एकच असतो.

१ डिसेंबर २०१५ च्या रात्री अड्यार नदी पात्राबाहेर आली. पश्चिम मांबलमच्या आमच्या गल्लीत सकाळी कमरेएवढं पाणी होतं. वीज गेली होती, फोन बंद होते. आम्ही पहिल्या मजल्यावर होतो म्हणून वाचलो. दुपारच्या सुमारास गल्लीच्या तोंडातून एक होडी आत आली. समुद्रावर नेतात तशी फायबरची होडी, आणि तिच्यात दोघे कोळी. तळमजल्यावरच्या आजींना त्यांनी खुर्चीसकट उचलून होडीत ठेवलं. एकजण पाण्यात उतरून होडी ढकलत होता, दुसरा बांबूने मार्ग चाचपत होता. मी बाल्कनीतून पाहत होतो. आजूबाजूच्या चार इमारतींत होडी चालवता येणारा बहुधा मी एकटाच असेन, आणि मी कठड्याला धरून उभा होतो. त्या सकाळची हीच आठवण अजून टोचते.

पाणी ओसरल्यावर मालकाने घर दुरुस्तीला काढलं आणि आम्ही रुळांच्या अलीकडे, टी. नगरमध्ये, एक जुना फ्लॅट विकत घेतला. ‘इकडे नदी लांब आहे’ हा माझा युक्तिवाद होता. सामान लावून झाल्यावर जुन्या मद्रासचे नकाशे पाहत बसलो, तेव्हा कळलं की मी तळ्याच्या काठावरून उठून थेट तळ्यात राहायला आलो होतो.

एकोणिसाव्या शतकातल्या नकाशांवर मद्रासच्या पश्चिम सीमेला एक लांबोडकं, वाकडं पाणी आहे. इंग्रज त्याला लाँग टँक म्हणत. नुंगमबाक्कम आणि मांबलम या दोन तळ्यांची ही जोडसाखळी होती. लांबी सुमारे सहा किलोमीटर. एका बाजूला माउंट रोड, म्हणजे आजचा अण्णा सालै; दुसऱ्या बाजूला मांबलम गाव; दक्षिणेकडे सैदापेट आणि अड्यार नदी. नदीवर कोजा पेट्रस उस्कान या आर्मेनियन व्यापाऱ्याने १७२६ मध्ये स्वखर्चाने पूल बांधला. त्याला युरोपीय लोक मार्मलाँग ब्रिज म्हणत. हा मांबलमचाच अपभ्रंश. म्हणजे आज साड्या आणि सोन्याच्या खरेदीसाठी देशभर ठाऊक असलेली पेठ ज्या जमिनीवर आहे, तिचा मोठा भाग तेव्हा पाण्याखाली होता.

मात्र तळं म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे येतं तसं हे निसर्गाने आयतं दिलेलं सरोवर नव्हतं. तमिळमध्ये याला एरी म्हणतात. उताराच्या जमिनीवर मातीची लांब पाळ घालायची, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसाचं पाणी अडवायचं, मदगु म्हणजे मोरीतून ते भातशेतीला सोडायचं आणि जास्तीचं पाणी कलिंगल म्हणजे सांडव्यावरून खालच्या तळ्यात जाऊ द्यायचं. एक भरलं की दुसरं, दुसरं भरलं की तिसरं. मद्रासच्या शेजारचा चेंगलपट्टू जिल्हा अशा एरींनी इतका भरलेला आहे, की त्याची ओळखच तळ्यांचा जिल्हा अशी आहे. गाळ काढणं, पाळ नीट ठेवणं हे गावाने मिळून करायचं काम. त्याला कुडिमरामत्तु म्हणत. आपल्याकडे नाशिक-धुळ्याच्या फड पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी आणि पाटाची दुरुस्ती गाव एकत्र बघत असे, तशातलाच हा प्रकार. इंग्रज सरकारने १८५८ मध्ये कायदा करून हे श्रम सक्तीचे केले. जी गोष्ट गाव आपण होऊन करत आलं, तिला कायद्याचा बडगा लागावा, यातच व्यवस्था ढिली पडत चालल्याची खूण दिसते.

याच एरीवर मद्रासचे गोरे वल्हवायला येत. मद्रास बोट क्लबची स्थापना १८६७ ची. १८९० च्या दशकात लाँग टँकवर त्यांच्या नौकांच्या शर्यती होत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून खिडकीशी गेलो. खाली कुकरची शिट्टी, रिक्षा, जिऱ्याच्या फोडणीचा वास. याच उंचीवर, कदाचित याच जागी, कुणीतरी लांब निमुळत्या नौकेत पाठमोरं बसून श्वास मोजत वल्हं मारत गेलं असेल. एकट्याने वल्हवणाऱ्याला ती शांतता ओळखीची असते. मला त्या अनोळखी माणसाबद्दल शेजाऱ्याबद्दल वाटावी तशी आपुलकी वाटली.

ती फार टिकली नाही. कारण पुढची गोष्ट अशी: शहर पश्चिमेला वाढू लागलं. १९११ मध्ये मांबलमला रेल्वे स्टेशन झालं. भातशेती घरांच्या प्लॉटांना जागा देऊ लागली आणि ज्या शेतांसाठी पाणी अडवलं होतं ती उरली नाहीत, तसं तळंही बिनकामाचं ठरलं. बिनकामाचं साठलेलं पाणी म्हणजे डास आणि हिवताप. १९२० मध्ये मद्रासचा नगररचना कायदा आला आणि पुढच्या काही वर्षांत मांबलमचं तळं रिकामं करून तिथे नवी वसाहत आखली गेली. तेव्हा प्रांतात जस्टिस पार्टीचं राज्य होतं. वसाहतीला पक्षाचे नेते सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांचं नाव मिळालं; त्यागराय नगर, म्हणजे आजचं टी. नगर. मधल्या बागेला पानगलच्या राजांचं नाव, रस्त्यांना उस्मान आणि डॉक्टर नायर यांची नावं. उत्तरेकडचा तुकडाही असाच गेला: १९२५ मध्ये सुरू झालेलं लोयोला कॉलेज तिथेच आहे, आणि उरलंसुरलं बुजवलेल्या भागावर १९७६ मध्ये वळ्ळुवर कोट्टम हे तिरुवळ्ळुवरांचं दगडी स्मारक उभं राहिलं.

यात मला खलनायक शोधता येत नाही. घरांची टंचाई खरी होती, रोगराई खरी होती. रुंद रस्ते, मधोमध बाग, मध्यमवर्गाला परवडणारे प्लॉट. त्या काळच्या मानाने आखणी चांगली होती. तिचा फायदा मी आज घेतोच आहे. मला खटकतं ते वेगळंच. तळं गेलं तेव्हा बोट क्लबवाल्यांचं काहीच अडलं नाही. अड्यारच्या पात्रात पाणी होतं. वल्हवणं तिकडे सुरू राहिलं आणि आजही चालू आहे. पाण्यावर त्यांचं प्रेम होतं यात शंका नाही, पण ते प्रेम दुसरीकडे हलवता येणारं होतं. शेतकऱ्याचं तसं नव्हतं. त्याची गरज त्याच मोरीशी, त्याच पाळीशी बांधलेली होती. ती गरज संपली त्या दिवशी तळ्याला वाली उरला नाही. ज्याला पाण्याची नुसती आवड असते, तो पाणी वाचवत नाही. तो दुसरं पाणी शोधतो.

याच किनाऱ्यावर एकट्याने वल्हवण्याची याहून फार जुनी परंपरा आहे, आणि तिच्यात आवडनिवड हा शब्दच नाही. ओंडके दोरीने बांधून केलेला कट्टुमरम, बांधलेलं लाकूड. विल्यम डॅम्पियरने १६९७ च्या आपल्या प्रवासवर्णनात त्याची नोंद केली आणि पुढे हा तमिळ शब्द कॅटॅमरन होऊन जगभर गेला. मद्रासला बंदर नव्हतं तेव्हा जहाजं खोल पाण्यात नांगर टाकत. लाटांच्या फेसातून त्यांच्यापर्यंत चिठ्ठ्या पोहोचवायला कट्टुमरमवाले जात आणि कागद भिजू नये म्हणून ते डोक्यावरच्या टोपीत खोचून ठेवत. २०१५ ला आमच्या गल्लीत आलेले ते दोघे याच परंपरेतले. समुद्र बुजवता येत नाही, आणि त्यांनाही तो सोडून दुसरीकडे जाता येत नाही. म्हणूनच कदाचित, शहराच्या गल्ल्यांत पाणी शिरलं तेव्हा होडी घेऊन कोण आलं आणि बाल्कनीत कोण उभं राहिलं, हे असं ठरलं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये टी. नगरच तुंबलं. पार्किंगमध्ये पाणी शिरलं, लिफ्ट बंद पडली, दोन दिवस आम्ही दूध दोरीला पिशवी बांधून वर घेतलं. सोसायटीच्या सभेत सगळे म्हणाले, पाऊसच फार झाला. पाऊस फार झाला होताच. पण तळं गेलं तरी पाण्याची वाट तीच राहिली आहे. वळ्ळुवर कोट्टमकडून टी. नगरमधून नंदनमला अड्यारपर्यंत मांबलम कालवा जातो. आता तो बहुतेक ठिकाणी नाला आहे, आणि कुठे कुठे तर नुसतं झाकण. मी एका रविवारी मुट्टुकाडूला जाण्याऐवजी त्याच्या कडेने चालत गेलो. बराच कचरा, दोन-तीन बगळे, आणि उताराकडे हळूहळू सरकणारं काळं पाणी. सहा किलोमीटरच्या तळ्यातून आता एवढंच चालू राहिलं आहे. त्यानंतरच्या सभेत मी पहिल्यांदा बोललो: आपली गटारं कुठे उघडतात ते आधी बघू, मग पंप घेऊ. दोघेजण माझ्याबरोबर बघायला आले. एवढंच झालं, पण झालं.

मुट्टुकाडूला मी अजून जातो. हल्ली मात्र तिथलं पाणी कुठून येतं तेही पाहतो. दक्षिण चेन्नईच्या पल्लिकरणै पाणथळीचं पाणी ओक्कियम मडुवू या ओढ्यातून बकिंगहॅम कालव्यात उतरतं आणि तिथून कोवळमच्या खाडीला मिळतं. कालव्याची सुरुवात १८०६ ची. १८७७-७८ च्या दुष्काळात उपाशी माणसांना काम म्हणून तो मद्रास शहरातून पुढे जोडला गेला. त्यातून मीठ आणि सरपण शहरात येई, आणि त्या सरपणात सुरूची लाकडंही असत. पल्लिकरणैचं बरंचसं पाणी इमारतींनी आणि कचऱ्याच्या डोंगराने खाल्लं. २०२२ मध्ये उरलेल्या भागाला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तिथेही उद्या कुणी घर घेईल, ‘नदी लांब आहे’ म्हणेल, आणि पत्त्यात लेक हा शब्द लिहील. तेव्हा मला सवयीने दुसरं पाणी शोधायला निघता येईल. मामाने शिकवलं होतं की गाळात रुतलं तर होडी सोडून जायचं नाही. भरतीची वाट पाहायची, आणि तोवर होडीतच बसून राहायचं.