धूळपाटी, दगडी पाटी आणि टॅबलेट : प्रारंभिक वर्गातील वैयक्तिक फलकाचा इतिहास

प्राथमिक शाळेच्या पहिल्या दोन-तीन इयत्तांतील मुलांच्या हाती टॅबलेट द्यावा की नाही, या प्रश्नाची चर्चा २०१० नंतर सर्वत्र सुरू झाली. त्या वर्षी आयपॅड बाजारात आला आणि कळफलकाची मध्यस्थी न घेता बोटाने चालविता येणारे हे साधन लहान मुलांस सहज हाताळता येते, हे दिसून आले. चर्चेच्या दोन्ही पक्षांची एक समजूत मात्र समान आहे. ती ही की, वर्गातील प्रत्येक मुलाच्या मांडीवर स्वतंत्र व पुन्हापुन्हा पुसता येणारा फलक येण्याची ही पहिलीच वेळ होय. इतिहास या समजुतीस दुजोरा देत नाही. धूळपाटी व दगडी पाटी हे याच जातीचे फलक होते, आणि त्यांच्या वापराचे जे प्रश्न त्या काळी उपस्थित झाले तेच आज टॅबलेटच्या बाबतीत नव्या स्वरूपात उभे आहेत. फलकावर मुलाने नेमके काय करावयाचे, त्याची चूक कोणाच्या दृष्टीस पडावयाची, आणि केलेल्या कामाची खूण मागे किती उरावयाची, हे ते तीन प्रश्न होत. त्यांतील दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, असे या इतिहासाच्या अवलोकनावरून दिसते.

१

भारतात अंकगणितास ‘पाटीगणित’ हे नाव फार जुन्या काळापासून आहे; श्रीधराच्या ग्रंथाचे तर तेच शीर्षक आहे. गणनेच्या क्रियेस ‘धूलिकर्म’ असेही म्हणत. फळ्यावर किंवा जमिनीवर बारीक धूळ पसरावयाची, तीवर बोटाने अथवा काडीने आकडे काढावयाचे, आणि क्रिया पुढे सरकेल तसतसे मागचे आकडे पुसून त्या जागी नवे मांडावयाचे, अशी ही रीत होती. मराठीत विद्येच्या प्रारंभास ‘धुळाक्षरे गिरविणे’ म्हणतात, त्याचे मूळ याच व्यवहारात आहे. पंतोजींच्या शाळेत मूल प्रथम धुळीत अक्षर गिरवी व हात बसल्यानंतरच बोरू, शाई व कागद यांकडे वळे. कागद महाग व धूळ फुकट, हे याचे एक कारण खरे. परंतु धुळीत चूक करण्यास काही मोल पडत नाही, ही तिची शैक्षणिक सोयही तितकीच मोठी होती.

या सोयीची दुसरी बाजू इ. स. ९५२-५३ मध्ये दमास्कस येथे अल्-उक्लिदिसी या गणितज्ञाने पाहिली. हिंदी अंकगणितावरील आपल्या अरबी ग्रंथात त्याने धूळपाटीऐवजी कागद व शाई वापरून, पुसण्याची गरज पडू नये अशा रीतीने क्रिया मांडण्याच्या पद्धती दिल्या. रस्त्याच्या कडेस बसून भविष्य सांगणाऱ्यांच्या धूळपाटीपासून गणित वेगळे राखावे, हाही त्याचा एक हेतू होता. पुसल्या जाणाऱ्या फलकावर उत्तर तेवढे उरते. उत्तराप्रत नेणारी वाट उरत नाही. कागदावर ती वाट राहते व दुसऱ्यास ती तपासता येते.

धूळपाटीच्या पद्धतीत ही उणीव भरून निघत असे ती सहाध्यायांमुळे. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने १६२३ मध्ये इक्केरीच्या प्रवासात पाहिलेला एक प्रसंग नोंदवून ठेवला आहे. चार मुले देवळाच्या ओसरीत जमिनीवर बारीक वाळू पसरून बसली होती. एकजण धडा सुरात म्हणे व वाळूत बोटाने लिही, आणि इतर तेच म्हणत व लिहीत. शिक्षक तेथे नव्हता. विसरल्यास चूक कोण दुरुस्त करतो, असे त्याने विचारले तेव्हा, चौघेही एकाच वेळी एकच गोष्ट विसरणे शक्य नाही, म्हणूनच आम्ही मिळून अभ्यास करतो, अशा आशयाचे उत्तर त्यास मिळाले. देशी शिक्षणपद्धतीची यापेक्षा नेमकी उपपत्ती सांगणे कठीण आहे. वाळूवरील अक्षर क्षणात नाहीसे होते. पण तत्पूर्वी ते शेजाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेले व कानांनी ऐकलेले असते. आपल्याकडील उजळणी, परवचा, पावकी-निमकी यांच्या सामूहिक घोकंपट्टीकडे केवळ स्मरणशक्तीचा व्यायाम म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. तीत परस्परांची चूक पकडण्याची ही व्यवस्थाही अंतर्भूत होती.

२

या पद्धतीचा परिणाम भारतापुरता मर्यादित राहिला नाही. मद्रासजवळील एग्मोर येथे १७८९ मध्ये लष्करातील युरोपीय सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी स्थापन झालेल्या संस्थेचा प्रमुख अँड्र्यू बेल याने तेथील एका देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे काढीत असलेली पाहिली आणि आपल्या शाळेच्या मुळाक्षरांच्या वर्गात तीच रीत आणावयाचे ठरविले. हाताखालच्या शिक्षकाने ते मनावर घेतले नाही, तेव्हा बेलने सुमारे आठ वर्षांच्या एका विद्यार्थ्यावर तो वर्ग सोपविला. यातूनच मुलांनी मुलांस शिकविण्याची ‘मद्रास पद्धती’ निघाली. १७९७ मध्ये बेलने तिचा वृत्तांत लंडनमध्ये प्रसिद्ध केला. जोसेफ लँकेस्टरने १७९८ पासून लंडनच्या साऊथवर्क भागात याच धर्तीच्या शाळेचा प्रयोग आरंभिला. अगदी लहान मुले वाळूच्या मेजावर व मोठी मुले दगडी पाटीवर लिहीत. नायकाने शब्द सांगावा, सर्वांनी तो लिहावा, आणि आज्ञा होताच सर्वांनी एकदम पाट्या वर करून दाखवाव्यात, असा त्याचा क्रम होता. शेकडो मुलांस एक शिक्षक पुरविण्याची ही युक्ती मुख्यतः काटकसरीची होती. तथापि तिचा प्राण पाटी उंचावून दाखविण्याच्या त्या क्षणात होता. त्याशिवाय पाटी हा नुसता दगड ठरला असता.

एकोणिसाव्या शतकात हीच पद्धती इंग्रजी वेष घेऊन मुंबई इलाख्यात परतली. १८२० नंतरच्या दशकात मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीने देशी भाषांतून शिक्षण देण्याचे कार्य हाती घेतले, कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याच्या देखरेखीखाली मराठी व गुजराती पुस्तके तयार करविली, आणि लँकेस्टरच्या धर्तीवर शिक्षक तयार केले. असे २४ शिक्षक १८२६ मध्ये गुजरात, दक्षिण व कोकण या प्रांतांतील गावी पाठविण्यात आले. पुढे शतकभराहून अधिक काळ दगडी पाटी व पेन्सिल हीच महाराष्ट्रातील बालवर्गाची खूण होऊन बसली. दसऱ्याच्या पाटीपूजनात तिला सरस्वतीचे स्थान मिळाले. नायक-पद्धती मात्र निष्प्रभ झाली. कारण आठ-दहा वर्षांचा नायक चूक दाखवू शके, पण चुकीचे कारण त्यास कळत नसे. पाटी राहिली ती शिक्षकांची संख्या वाढली व पाटी पाहणारा मनुष्य प्रौढ व प्रशिक्षित झाला म्हणून.

३

टॅबलेटची कल्पना प्रथम बालकांसाठीच मांडली गेली, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. १९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट व त्याचे सहकारी यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा रचिली. पॅपर्टचे कार्य पाहून प्रभावित झालेल्या ॲलन के याने १९७२ मध्ये ‘डायनाबुक’ या नावाने वहीएवढ्या संगणकाचा आराखडा लिहिला. ‘सर्व वयांच्या मुलांसाठी वैयक्तिक संगणक’ असे त्या लेखाच्या शीर्षकाचेच सांगणे होते. त्या लेखातील चित्रात दोन मुले हिरवळीवर शेजारी बसून आपापल्या फलकांवर एकच खेळ मिळून खेळताना दिसतात. खेळ खेळून थांबावयाचे नाही, तर तो बदलून स्वतः नवा घडवावयाचा, अशी के याची अपेक्षा होती. इक्केरीच्या ओसरीत दिसणारा सोबत्याचा सहभाग या पहिल्या चित्रातही गृहीत होता.

त्या कल्पनेस प्रत्यक्ष रूप येताना हा भाग मागे पडला. निकोलस निग्रोपाँटी याने २००५ मध्ये ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ ही योजना जाहीर केली. भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये तिच्या शैक्षणिक उपयुक्ततेविषयी शंका घेऊन ती नाकारली. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात येथील एकशिक्षकी शाळेत तिचा लहानसा प्रयोग झाला. योजनेचा सर्वांत मोठा विस्तार पेरू देशात झाला. तेथील ३१९ ग्रामीण शाळांचा तुलनात्मक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. संगणक मुलांपर्यंत पोहोचले होते व त्यांचा वापरही वाढला होता. परंतु भाषा व गणित या विषयांतील गुणांत त्यामुळे फरक पडल्याचे आढळले नाही. सामान्य आकलनशक्तीच्या चाचण्यांत थोडा लाभ दिसला, एवढेच. अध्यापनाची रीत पूर्ववतच राहिली होती, हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. पाट्या वाटल्या गेल्या. त्या वर करून दाखविण्याचा क्षण वेळापत्रकात ठेवला गेला नाही.

४

याच्या उलट उदाहरण मलावीचे आहे. १९९४ मध्ये तेथे प्राथमिक शिक्षण निःशुल्क झाले आणि खालच्या इयत्तांचे वर्ग अतिशय फुगले; एका शिक्षकासमोर शंभर मुले असणे तेथे अपूर्व नाही. ज्या अडचणीने लँकेस्टरला पाटीकडे नेले, तीच अडचण येथेही होती. राजधानी लिलाँग्वे येथील एका शाळेत पहिल्या तीन इयत्तांच्या मुलांस चिचेवा भाषेतील गणिताचे धडे टॅबलेटवर, रोज सुमारे अर्धा तास, आठ आठवडे देण्यात आले. निकोला पिचफर्ड यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या प्रयोगाच्या वृत्तांतानुसार या मुलांची गणितातील प्रगती नेहमीच्या अध्यापनाने शिकलेल्या मुलांहून अधिक होती. तुलनेसाठी गणिताव्यतिरिक्त अन्य गोष्टी टॅबलेटवर करणाऱ्या मुलांचाही एक गट ठेवला होता. त्यामुळे फलकाची नवलाई आणि धड्यांची रचना यांचा परिणाम वेगळा काढता आला. अर्धा तास, मातृभाषा, क्रमवार पाठ व प्रत्येक टप्प्याअखेर चाचणी, हीच त्या रचनेची अंगे होती.

येथे एक नवी गोष्ट मान्य केली पाहिजे. धूळपाटी किंवा दगडी पाटी मुलाची चूक स्वतः ओळखू शकत नव्हती. टॅबलेट ती ओळखतो व तत्क्षणी सांगतो. लेखनफलकांच्या इतिहासात हे प्रथमच घडले आहे. शंभर मुलांच्या वर्गात ज्या मुलाची पाटी आठवडाभर कोणी पाहिलीच नसती, त्याला यामुळे निदान बरोबर-चूक तरी कळते. हा लाभ क्षुल्लक मानणे अन्यायाचे होईल. तो किती दूर जातो याची परीक्षा टांझानियात झाली. २०१४ मध्ये घोषित झालेल्या एका जागतिक स्पर्धेच्या निमित्ताने तेथील टांगा प्रांतातील सुमारे १७० गावांत २,७०० च्या आसपास मुलांस टॅबलेट देण्यात आले. शाळा नाही, शिक्षक नाही. सौरऊर्जेवर फलक भारित करण्याची सोय तेवढी केलेली. प्रारंभी ९० टक्क्यांहून अधिक मुलांस स्वाहिलीतील एक शब्दही वाचता येत नव्हता. १५ महिन्यांनंतर हे प्रमाण निम्म्यावर आले. २०१९ मध्ये ‘वनबिलियन’ व ‘किटकिट स्कूल’ यांस पारितोषिक विभागून मिळाले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या मुलांच्या दृष्टीने हे यश मोठे आहे. तथापि त्याच आकड्याचा दुसरा अर्थ असा की, सव्वा वर्ष फलक हाती असूनही जवळजवळ निम्मी मुले एक शब्द वाचण्यापर्यंत पोहोचली नाहीत. ती कोठे अडली हे विचारणारा कोणी मनुष्य त्यांच्यासमोर नव्हता.

५

फलकावर काय करावयाचे, हा प्रश्न अक्षरओळखीच्या बाबतीत विशेष नाजूक आहे. पाटीवर मूल अक्षर घडविते. टॅबलेटवर बहुधा ते दिलेल्या चारांतून एक निवडते. फ्रान्समध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर झालेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, हाताने अक्षरे लिहून शिकलेल्या मोठ्या मुलांस ती कळफलकावर शिकलेल्यांपेक्षा अधिक चांगली ओळखता आली. देवनागरीत तर हा भेद अधिक जाणवण्यासारखा आहे. ‘कि’ या अक्षरातील वेलांटी डोळ्यास आधी दिसते, पण कळफलकावर ती ‘क’ नंतर दाबावी लागते. काना, मात्रा, जोडाक्षर यांची घडण हातास कळल्याखेरीज डोळ्यास पुरती कळत नाही. टॅबलेटच्या पडद्यावर बोटाने अक्षर गिरविता येते हे खरे. पण मग ती धूळपाटीच झाली, आणि धूळपाटीचा नियम तिलाही लागू होतो.

खुणेचा प्रश्न मात्र आज उलटा झाला आहे. अल्-उक्लिदिसीला पुसले जाण्याची चिंता होती. टॅबलेट प्रत्येक स्पर्शाची नोंद ठेवू शकतो. ती नोंद वर्गशिक्षकाच्या हाती, त्यास समजेल अशा रूपात व त्याच दिवशी आली, तर त्याला मुलाची पाटी संध्याकाळी निवांतपणे पाहिल्यासारखे होईल. ती दूरच्या संगणकात साठून राहिली, तर बालकाच्या चुका परक्याच्या दप्तरी जमा होतील आणि शिक्षकाच्या वाट्याला कोरीच पाटी येईल.

२०२० च्या टाळेबंदीने या विषयास निकडीचे स्वरूप दिले. ‘असर’च्या पाहणीनुसार तिसरीतील मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्यांचे देशाच्या ग्रामीण भागातील प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर उतरले. ज्या घरात अक्षर दाखविणारे दुसरे कोणी नाही, त्या घरातील मुलाचे नुकसान यात सर्वांत अधिक असणार. २०२३ मध्ये स्वीडनच्या शासनाने शाळापूर्व वर्गांत डिजिटल साधने सक्तीची ठेवण्याचे धोरण मागे घेण्याचे ठरविले, आणि त्याच वर्षी युनेस्कोच्या जागतिक शिक्षण अहवालाने हे तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर वापरले जाते, असा प्रश्न विचारला. स्वीडनच्या अल्पसंख्य वर्गास जो निर्णय परवडतो तो मलावीच्या शंभर मुलांच्या वर्गास परवडेलच असे नाही. म्हणून एका देशाचा निष्कर्ष दुसऱ्यावर लादणे इष्ट नव्हे.

ओसरीतील सोबती, लँकेस्टरचा नायक, पाट्या पाहणारा शिक्षक आणि टॅबलेटमधील चाचणी, ही एकाच कार्याची चार रूपे आहेत. त्यांपैकी पहिली तीन मुलाच्या चुकीकडे पाहताना मुलाकडेही पाहत होती. चौथे फक्त उत्तराकडे पाहते. महाराष्ट्रातील एखाद्या वस्तीशाळेत टॅबलेटची पेटी उघडली जाईल, तेव्हा कितीजणांना तो मिळाला याबरोबरच, रोज किती वेळ, कोणत्या भाषेत, आणि त्यावर उमटलेली चूक त्या दिवशी कोण पाहणार, याची नोंद वर्गाच्या दैनंदिनीत आधी झालेली असली पाहिजे. ती नसेल, तर पेरूच्या शाळांचा अनुभव येथेही येईल.