किमान किंमत आणि यवतमाळचा बियाणे-ग्राहक

अमुक किमतीखाली माल विकू नये, अशी अट उत्पादकाने विक्रेत्यावर घातली म्हणजे ग्राहकाचा घासाघिशीचा हक्क दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच संपतो. भारतात 1969 च्या मक्तेदारी व निर्बंधक व्यापारप्रथा कायद्याने अशी अट रद्दबातल ठरविली. 2002 च्या स्पर्धा कायद्यात मात्र सरसकट बंदी राहिली नाही; स्पर्धेवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम होत असेल, तरच ती अट अवैध ठरते.

तथापि किमान किंमत करारात न लिहिताही लादली जाऊ शकते. यवतमाळ जिल्ह्यातील कोरडवाहू कापूस-उत्पादक हा बियाण्याचा ग्राहकच होय. 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर 450 ग्रॅमची पिशवी सुमारे 1600 रुपयांस विकली जाऊ लागली. तीत तंत्रज्ञान-शुल्काचा वाटा मोठा होता. ते शुल्क खरेदीच्या दरातच अंतर्भूत असल्यामुळे राळेगाव वा पांढरकवड्याच्या दुकानदारास त्याखाली उतरणे शक्य नव्हते. 2006 साली आंध्र प्रदेश शासनाने मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितली आणि त्याच वर्षी काही राज्यांत दर 750 रुपयांवर आला. महाराष्ट्राने 2009 साली कापूस-बियाण्याच्या दरनियंत्रणाचा कायदा केला. केंद्राच्या 2015 च्या आदेशान्वये 2016 च्या हंगामासाठी बीजी-2 बियाण्याची कमाल किंमत 800 रुपये ठरली. त्यांपैकी शुल्क 49 रुपये होते.

तात्पर्य, अटीचे शब्द पुसले तरी किमतीचा तळ उरतो. ग्राहकाच्या हिताचा विचार करावयाचा, तर करारातील कलमांबरोबरच किमतीचे घटकही तपासले पाहिजेत.